राघोबांचे डोळे उघडण्याची खटपट

कोपर गाव, डोंबिवली पश्चिम
२४ फेब्रुवारी २०२५

विश्रामा,

बहिणीचा आशीर्वाद घे. पत्र बघून घाबरू नकोस, आणखी कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण तुझं कानाचं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं आणि तू आपला ‘बरं आहे, बरं आहे’ करत राहतोस. परवा मी म्हटलं ताप आलाय, तू म्हणालास छान झालं. म्हणून दर्शनाला पुढ्यात बसवलीय. मी सांगते, ती लिहिते. मला अक्षर येत नाही याचा फायदा घेऊन ती काय काय लिहील कुणास ठाऊक. सून आहे शेवटी.

(मामा, नमस्कार. मी सगळं जसंच्या तसं लिहिते आहे. — दर्शना)

बघ, मी एवढंसं बोलले आणि हिचं पेन अजून चालूच.

तेरावं नीट पार पडलं. तू आलास, बसलास, भटजी मंत्र म्हणत असताना घोरलास, तरी आलास हे महत्त्वाचं. आता मागची निस्तरानिस्तर चालू आहे. दिपेशने महापालिकेतून मृत्यूचा दाखला आणला. एक नाही, पाच प्रती. बँकेला एक, रेशनला एक, विजेच्या मीटरला एक, गॅसला एक. पाचवी कुणाला, म्हटलं, तर म्हणतो, असू दे आई, लागते. अरे, तुझे भावोजी जन्माला आले तेव्हा त्यांच्याकडे एकही दाखला नव्हता. सत्याहत्तर वर्षं त्यांचं काही अडलं नाही. गेल्यावर मात्र पाच लागले.

मी रोज कुठे ना कुठे अंगठा देते. जांभळं खाल्ल्यासारखा झालाय. बँकेतली पोरगी म्हणते, आजी, जरा दाबून. मी म्हटलं, बाय, दाबायला माणूस होता तोवर दाबलं, आता कागद दाबते.

बाकी सगळं दिपेश करील. एक काम मात्र तुझ्या गळ्यात घालते. फोटो.

तेराव्याला चौरंगावर जो फोटो होता तो तू बघितलासच. आधार कार्डाचा मोठा करून आणलेला. कोंबडी चोरताना पकडलेल्या माणसासारखे दिसत होते. लोक फूल वाहायचे आणि घाईने उठायचे. पण करणार काय, डोळे उघडे असलेला तेवढा एकच फोटो घरात आहे. आणि तोही कसा, तर त्या आधारवाल्याने वैतागून दोन बोटांनी पापण्या वर धरल्या तेव्हा आला. नीट बघशील तर कपाळाशी त्याची नखं दिसतात.

बाकी सगळ्यांत डोळे मिटलेले. लग्नात मिटलेले. दिपेशच्या हळदीत नाचतायत, हात वर, डोळे मिटलेले. एकविरेच्या पायऱ्यांवर अख्खं गाव उभं, सगळ्यांचे उघडे, यांचे मिटलेले. मित्रमंडळाने गणपतीला फ्लेक्स लावला, ‘ज्येष्ठ मार्गदर्शक’ म्हणून यांचा चेहरा टाकला, तो मिटलेला. लोकांना वाटलं श्रद्धांजलीच आहे. दोन माणसं तर भेटायला आली. यांनीच दार उघडलं आणि यांनीच त्यांना चहा दिला.

तर असे सात फोटो पाकिटात घातलेत. आखितीला, अक्षय तृतीयेला रे, त्यांच्यासमोर पहिला पाण्याचा करा ठेवायचा, आंबा ठेवायचा. तोवर मला भिंतीवर त्यांचा डोळे उघडे असलेला, माणसासारखा फोटो हवाय. तुमच्या टेंभी नाक्याकडे तो फोटो स्टुडिओवाला आहे ना, तो आता सगळं करून देतो म्हणे. त्याला विचार. फक्त कोट घालू नको म्हणावं. मिठागरात आयुष्य काढलेला माणूस, त्याला मेल्यावर साहेब करू नका.

अठ्ठावन्न वर्षं घरात होते, पण एकदाही फोटोतून माझ्याकडे बघितलं नाही. आता तरी बघू देत.

डोळे का मिटायचे, ते मला ठाऊक नाही.

(मामा, हे वाक्य सांगताना आई खिडकीबाहेर बघत होत्या. — दर्शना)

तुळसाला सांग, लोणचं पोचलं, मीठ कमी आहे.

तुझी बहीण,
ठमा


टेंभी नाका, ठाणे
४ मार्च २०२५

ठमाबायच्या पायांशी विश्रामचं डोकं.

तुझं पत्र व सात नग फोटो सुस्थितीत मिळाले. मी त्यांना मागच्या बाजूला पेन्सिलीने एक ते सात क्रमांक दिले आहेत. वागळे इस्टेटला तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, नग क्रमांकाशिवाय हातात धरवत नाही.

तेराव्याला मी घोरलो नाही. मी डोळे मिटून श्रद्धेने ऐकत होतो.

स्टुडिओत जाऊन आलो. मालकाचं नाव साकेत. मुलगा नम्र आहे. त्याने सातही फोटो संगणकावर घेतले, बराच वेळ बघितले आणि विचारलं, “काका, हे पहिल्यापासून असेच होते का?” मी म्हटलं, नाही, हयात होते. तो म्हणाला, काळजी करू नका, आपण डोळे उघडून देऊ, हल्ली सगळं होतं.

त्याच्याकडे मागच्या देखाव्यासाठी तीन प्रकार आहेत. बर्फाचे डोंगर, जिना असलेला बंगला आणि ढग. मी ढगांवर खूण केली आहे. कोट मात्र तो सगळ्यांनाच घालतो. म्हणतो, कोट घातला की मान नीट बसते. मी तुझा निरोप सांगितला. तो म्हणाला, बघतो.

आता दोन गोष्टी कळव. एक, राघोबा भावोजींच्या डोळ्यांचा रंग नेमका कोणता? मी माणसाला पन्नासहून जास्त वर्षं ओळखतो, पण साकेतने विचारल्यावर मला सांगता येईना. मृत्यूच्या दाखल्यावरही नोंद नाही. दोन, नजर कशी हवी? त्याच्याकडे गंभीर, प्रेमळ आणि आशीर्वाद देणारी अशा तीन आहेत.

ता.क. भावोजींचं मोबाईलचं सिम लगेच बंद करू नका. बँकेचे आकडे त्यावरच येतात. आमच्या शेजाऱ्यांनी घाई केली आणि अजून खेटे घालतायत.

तुळसा म्हणते, लोणच्यात मीठ बरोबर आहे.

आज्ञाधारक,
विश्राम


कोपर गाव
११ मार्च २०२५

विश्रामा,

तू डोळे मिटून श्रद्धेने ऐकत होतास आणि नाकाने साथ देत होतास. असू दे.

रंग विचारतोस. चिंचोका पाण्यात भिजवून पुसलास की जसा दिसतो, तसा. काळा नाही आणि तपकिरीही नाही. दर्शनाने लिहिलं ‘गडद तपकिरी’. मी म्हटलं, खोड ते. चिंचोका लिही. त्या साकेतला चिंचोका ठाऊक नसेल तर टेंभी नाक्यावरच्या भाजीवालीकडून एक घेऊन दाखव.

आणि डावा डोळा. खोटं बोलताना तो जरासा बारीक व्हायचा. ‘दोनच घोट घेतले’ म्हणायचे तेव्हा बारीक. ‘तुझ्या हातची भाकरी माझ्या आवशीपेक्षा चांगली’ म्हणायचे तेव्हाही बारीक. म्हणून दोन्ही डोळे सारखे नकोत, डावा चिमूटभर लहान. नजर कुठलीच नको. गंभीर हे कधी नव्हतेच, आणि आशीर्वाद द्यायला हात रिकामा लागतो, यांच्या हातात कायम विडी.

इकडची खबर सांगते. कपडे वाटले. छत्री दिपेशने ठेवली. रेडिओ मी ठेवला, चालत नाही, पण यांच्या काळातही चालत नव्हता. अडलंय ते कवळीपाशी. कवळीचं काय करतात, कुणाला माहीत नाही. दान करावी तर बसणार कुणाला? खाडीत सोडावी म्हटलं तर दिपेश म्हणतो, उद्या कुणाच्या जाळ्यात आली तर त्याचं काय होईल! भटजींना फोन केला, ते म्हणाले, विचार करून सांगतो. तीन आठवडे झाले, अजून विचारच करतायत. तोवर ती कपाटावर पेल्यात आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसते. अख्ख्या माणसातला तेवढाच भाग फोटोत चांगला आला असता.

(मामा, मी तो पेला भिंतीकडे वळवून ठेवला होता. आईंनी परत फिरवला. — दर्शना)

हिने आता काहीतरी लिहिलं. मी बोलले नव्हते. विश्रामा, पुढच्या पत्रात कळव काय लिहिलंय ते. पण वाचून दाखवणारीही हीच, त्यामुळे उपयोग नाही. अशी माझी कोंडी आहे बघ.

कोट नको.

ठमा


टेंभी नाका, ठाणे
२ एप्रिल २०२५

ठमाबाय,

तुळसाबरोबर फ्रेम पाठवतो आहे. जुन्या चादरीत गुंडाळली आहे, चादर परत पाठवावी. फोटो उत्तम झाला आहे असं साकेतचं, तुळसाचं आणि खाली राहणाऱ्या दोन कुटुंबांचं मत पडलं. ढग नैसर्गिक वाटतात. चिंचोका दाखवला होता. साकेतने त्याचाही फोटो काढून ठेवला.

कोटाबद्दल एवढंच सांगतो की मानेचा प्रश्न खरोखरच आला. क्रमांक चारमध्ये भावोजी नाचत असल्याने मान तिरकी होती. टाय वाढवलेला नाही, तो कोटाबरोबरच होता.

आखितीच्या आधी चार आठवडे काम हाती दिलं, याबद्दल शाबासकी अपेक्षित नाही, पण कळवली तर चालेल.

विश्राम

(येथून पुढचा मजकूर फक्त दर्शनासाठी. मोठ्याने वाचू नये.)

चि. दर्शना, एक गोष्ट तुला माहीत असलेली बरी. साकेतच्या संगणकाने उघडलेले डोळे भावोजींना शोभेनात. एकदा ते परदेशी दिसले, एकदा बाईसारखे. शेवटी तो म्हणाला, काका, घरातलंच कुणीतरी त्या वयाचं असेल तर त्यांचे बसवू. मी खुर्चीवर बसलो. त्याने दिवे लावले, म्हणाला, दूर गेलेल्या माणसाची आठवण काढा. मी काढली. तर भिंतीवरचे डोळे माझे आहेत. डावा सांगितल्याप्रमाणे चिमूटभर लहान करून घेतला आहे. बायला कळता कामा नये. ती रागावली की अजून मला दहा वर्षांचा झाल्यासारखं वाटतं.

तुझा,
विश्राममामा


कोपर गाव
७ एप्रिल २०२५

विश्राम,

आज आशीर्वाद नाही. नुसतं विश्राम.

फ्रेम आली, दिपेशने खिळा ठोकला, टांगली. सगळे म्हणाले, वा. मी पण म्हटलं, वा. दर्शनाने तुझं पत्र वाचलं. छान वाचत होती, ‘कळवली तर चालेल’पर्यंत आली आणि थांबली. मी म्हटलं, पुढे? म्हणते, संपलं. मी म्हटलं, संपलं तर कागदाची मागची बाजू निळी कशाने झाली? मला अक्षर येत नाही गो, पण भरलेला कागद मला कोरा दिसत नाही. तर म्हणते, मामांनी पेन चालतंय का ते बघितलं असेल. एवढं मोठं बघितलं? बरं, म्हटलं.

चार दिवस त्या फोटोखाली जेवले. काहीतरी चुकत होतं. आमटी वाढून घेताना वर बघावं तर वाटायचं, हा माणूस आत्ता विचारणार की वाटी किती नंबरची आहे. यांनी कधी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांत यांच्या नजरेत कधी एवढी भीती नव्हती. आणि काल अचानक डोक्यात पेटलं. हे डोळे मी ओळखते! गुळाची ढेप संपवून माडीवर लपला होता, त्याला मी कानाला धरून खाली आणला, तेव्हा असेच गोल झाले होते. तो तू होतास.

मग दर्शनाला म्हटलं, निळी बाजू वाच. वाचली. वाचताना हसली, आता लिहितानाही हसते आहे, अक्षर हललं असेल तर समजून घे.

(समजून घ्या, मामा. — दर्शना)

अरे, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का? नवरा माझा, डोळे भावाचे आणि कोट कुणाचा कोण जाणे. मी त्याच्यासमोर बसून काय बोलू? चार दिवस रोज संध्याकाळी दिवा लावून त्या फोटोशी गुजगोष्टी केल्या. तुला सांगितल्या मी त्या! आणि राखीपौर्णिमेला कुणाच्या हातावर बांधू, तुझ्या की खिळ्याला? चिमूटभर लहान केलेला डावा डोळा तर असा दिसतोय, जशी काही आत माशी गेलीय.

भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. कवळी बरोबर आहे सोबतीला.

आता दर्शना, हसू नको. पुढचं नीट लिही.

विश्राम, चूक तुझी नाही. माझी आहे. डोळे का मिटायचे ते मला ठाऊक नाही असं मी लिहून घेतलं होतं ना, ते खोटं. मला ठाऊक आहे. मीच सांगितलं होतं.

आमच्या लग्नात कल्याणहून फोटोवाला आणला होता. तो भला मोठा दिवा, फटकन उजेड पडायचा. तू दहा वर्षांचा होतास, तुला जिलेबी सोडून काही आठवणार नाही. आम्ही पाटावर बसलो होतो. हे शेजारी. मी सतरा वर्षांची, अंगात मस्ती. म्हटलं, बघू तरी हा कसा आहे. मुंडावळीच्या आडून हळूच सांगितलं, “डोळे मिटा हो, तो दिवा डोळ्यातला उजेड ओढून घेतो. आमच्या चुलत्याचा एक डोळा त्यानेच गेला.” कसला चुलता आणि कसला डोळा! पण यांनी गच्च मिटले. मला हसू आवरेना. फोटोत मी तोंडाला पदर लावलाय तो लाजून नाही.

दोन दिवसांनी सांगणार होते. मग म्हटलं, नवी नवरी, काय म्हणतील. मग पहिला मुलगा झाला, त्याच्या बारशाला परत मिटले. परत हसले. नंतर नंतर सांगायची लाज वाटायला लागली. एवढी वर्षं झाली, आता कसं सांगायचं की बाबा रे, थाप होती? तो भोळा माणूस. मी जे सांगेन ते धरून बसायचा. गणपतीच्या फ्लेक्सवर जिवंतपणी श्रद्धांजली झाली त्याची, ती माझ्यामुळे. आधारवाल्याने पापण्या ओढल्या, त्या माझ्यामुळे. मी रांगेत मागेच उभी होते, सांगितलं असतं तर सुटला असता. नाही सांगितलं.

आणि मी म्हणते, एकदा माझ्याकडे बघू दे. कुठल्या तोंडाने म्हणते?

फ्रेम परत ने. आखितीला करा ठेवीन मिटलेल्याच फोटोसमोर. माझं मलाच बघायला लागणार रोज, ते बरोबरच आहे.

चादर धुवून ठेवलीय.

ठमा


टेंभी नाका, ठाणे
१५ एप्रिल २०२५

ठमाबाय,

तुझं पत्र तुळसाने वाचलं, मी वाचलं. तुळसा शेवटी म्हणाली, आता सांगून टाका, नाहीतर मी सांगते.

बाय, मी शपथेत अडकलो होतो. म्हणून माझे डोळे दिले. तुला भुसा वाटला, पण त्यात विचार होता.

सोबत एक फोटो जोडला आहे. क्रमांक आठ. दर्शनाला म्हणावं, आधी आईंच्या हातात दे आणि मग पुढे वाच.

हा आमच्या कंपनीतल्या सत्यनारायणाचा. साल १९८८. तुम्हा दोघांना बोलावलं होतं, पण धाकट्या दिपेशला गोवर निघाला म्हणून तू राहिलीस आणि भावोजी एकटे आले. दुसऱ्या रांगेत, खांबाजवळ, हातात शिऱ्याचा द्रोण. बघ त्यांचे डोळे. घुबडासारखे उघडे. आणि दिवा चांगला फटकन पडला होता, कारण पुढचे आमचे सुपरवायझर पांढरेफटक आलेत.

मी तेव्हाच विचारलं होतं. म्हटलं, भावोजी, आज मिटले नाहीत? ते म्हणाले, “ठमा कुठे आहे इथे?”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या दिवशीच संध्याकाळी त्यांनी त्या फोटोवाल्याला गाठून विचारलं होतं, बाबा, या दिव्याने डोळा जातो का? तो हसून हसून खाली बसला. म्हणजे तुझी थाप एक दिवसही टिकली नव्हती, बाय. मी विचारलं, मग इतकी वर्षं मिटता कशाला? तर शिरा खाता खाता म्हणाले, “अरे, फोटो आला की तुझी बहीण आठ दिवस मला बघून पदरात तोंड घालते. घरात काही नसलं तरी हसते. तिला वाटतं मला कळत नाही. वाटू दे. डोळे उघडून मला काय मिळणार आहे, माझाच चेहरा ना?”

वर एकविरेची शपथ घातली की हे ठमाला सांगायचं नाही, मी आहे तोवर. ते गेल्यावर मी तेराव्यापर्यंत थांबलो. मग वाटलं, ‘मी आहे तोवर’ यात वर्षश्राद्धापर्यंतचा काळ धरायचा की नाही? स्टोअरमध्ये अशा वेळी वर विचारून घेता यायचं. इथे विचारणार कुणाला? आणि हा फोटो तुला पाठवला असता तर तू पहिला प्रश्न विचारला असतास की इथे उघडे कसे. म्हणून तो ट्रंकेत ठेवला आणि साकेतच्या खुर्चीवर बसलो.

आता तूच तुझी थाप सांगून टाकलीस, म्हणून माझी सुटका झाली असं धरतो.

आखितीला हाच लाव. साकेत खांब आणि सुपरवायझर काढून देईल. कोट घालणार नाही, त्याला मी लेखी दिलं आहे.

विश्राम


कोपर गाव
२२ एप्रिल २०२५

विश्रामा,

आशीर्वाद परत चालू.

जल्ला मेला हा माणूस! अठ्ठावन्न वर्षं मी समजत होते की मी त्याला बनवलं. एकटीच स्वयंपाकघरात हसायचे. पोरांना सांगितलं नाही, शेजारणीला सांगितलं नाही. आणि तो ओटीवर बसून माझ्यावर हसत होता. गेल्यावर कळलं, आता भांडायचं कुणाशी? परवा रागाने भिंतीकडची फ्रेम फिरवून काठी उगारली, तर तिथे तुझे डोळे. ते आणखी घाबरले.

पत्र वाचून झाल्यावर मी दर्शनाला म्हटलं, दिपेशचं ते भिंग आण, मीटरचे आकडे बघायचं. आणि सातही फोटो आण. (तू पाकीट परत पाठवलंस, क्रमांकासह, ते बरं केलंस.) मला अक्षर वाचता येत नाही, चेहरा येतो. एकेक करून बघितले. लग्नातला, बारशाचा, हळदीचा, एकविरेचा, फ्लेक्सवाला, सगळे. विश्रामा, उजवा डोळा सगळ्यांत नुसता मिटलेला आहे, झोपल्यासारखा. डावा तसा नाही. डावा चिमटून धरलाय, कडेला सुरकुती पडेल इतका.

खोटं बोलताना डावा बारीक व्हायचा, हे मीच तुला कळवलं होतं. सात फोटोंत सात वेळा तो माझ्याशी खोटं बोलत होता आणि मी तोंडावर पदर घेऊन हसत होते म्हणून मला दिसलं नाही.

(मामा, भिंग अजून आईंच्याच हातात आहे. मीटरचे आकडे घ्यायला माणूस आला होता, त्याला थांबवून ठेवलाय. — दर्शना)

आता ठरलं ते ऐक. क्रमांक आठ तू ठेव. त्यात डोळे उघडे आहेत, पण ते शिऱ्याकडे बघतायत. मी तिथे नव्हतेच. तो माणूस मला ओळखीचा वाटत नाही. मिटलेले सातही माझ्यासाठी काढलेले आहेत, त्यातला एकविरेचा घेते. दिपेशने इथल्याच दुकानात दिलाय. नुसता मोठा करून, बाकी हात लावायचा नाही, अशी ताकीद दिलीय. दुकानदार म्हणाला, आजी, डोळे उघडून देऊ? मी म्हटलं, बाबा, दोन महिने तेच चाललं होतं, आता झाकून दे.

तुझी ती ढगांची फ्रेम तुळसाबरोबर परत पाठवते. टाकू नको. घरात जपून ठेव. तुझ्या वेळी डोळे तयार आहेत, कोट तयार आहे, ढग तयार आहेत, फक्त तोंड तेवढं बदलून घ्यायचं. तुळसाची केवढी धावपळ वाचेल.

कवळीचा निकाल लागला. भटजींचा फोन आला, म्हणाले, शास्त्रात उल्लेख नाही. मी म्हटलं, शास्त्र लिहिलं तेव्हा सगळ्यांना दात होते वाटतं. तर ती राहील कपाटावर. मला आता तिचं हसणंही संशयास्पद वाटतं.

आखितीला दहाच्या आत ये. आणि लोणचं आणू नको.

ठमा


कोपर गाव
२ मे २०२५

विश्रामा,

तू आलास, जेवलास, यावेळी घोरला नाहीस कारण तुळसा तुला चिमटे काढत होती. मी बघितलं. पण तुम्ही चारच्या गाडीसाठी लवकर निघालात, म्हणून पुढचं कळवते.

तुम्ही गेल्यावर आळीतल्या बायका आल्या. फोटोसमोर नवा करा, वर आंबा, वाळ्याचा हार. सखुबाई वाकली, नमस्कार केला आणि म्हणाली, “ठमाबाई, गो, सगळं छान, पण डोळे मिटलेला फोटो कशाला लावलास? बरं दिसतं का?” मी म्हटलं, मिटलेले नाहीत ते, माझ्यावर लक्ष ठेवून आहेत. तिला काही कळलं नाही. घरी जाऊन सांगणार, ठमाबाईला आता सुचेनासं झालं. सांगू दे.

मग दिपेशला काय वाटलं, म्हणाला, आई, बाबांच्या फोटोजवळ बस, एक तुझा काढतो. मी बसले. त्याने मोबाईल उचलला. दर्शना म्हणाली, आई, इकडे बघा. दिपेश म्हणाला, एक, दोन...

तर त्याची प्रत पाठवते आहे. तुझ्या पद्धतीने मागे क्रमांक नऊ टाक.

मला तो फोटो कसा आलाय ते विचारू नको, मला काहीच दिसलं नाही. दर्शना सांगते की शेजारी शेजारी अगदी एकसारखे आलोय.

(मामा, आईंचा डावा जास्त चिमटलेला आहे. — दर्शना)

ठमा